शिमग्यातला चुना

वाशीम,
ता. ८ मार्च १९४८

ती. अक्कास,
दिनकरचा नमस्कार.

हे पत्र टपालात टाकत नाही. सरहद्दीवर पत्रं फोडतात असं ऐकतो. छबूबाई कासारीण माल घेऊन रिसोड, जिंतूर करत तुमच्याकडे निघाली आहे, तिच्या हाती देतो. उत्तरही तिच्याच हाती दे.

निजामाच्या मुलखातून रोज माणसं येतात. परवा सेलूकडचं एक कुटुंब आलं, अंगावरच्या कपड्यांनिशी. नाक्यावर निजामाच्या बंदूकवाल्यांनी गाडी अडवून भांडीसुद्धा काढून घेतली. घराला कुलूप लावून निघाले होते; दुसऱ्या दिवशी त्यावर दुसऱ्याचंच कुलूप होतं. अक्का, तुम्ही दोघीच बाया घरात. माझी सुमन सतरा वर्षांची झाली. तिची आई गेल्यापासून तूच तिला वाढवलंस, म्हणून मी आजवर निर्धास्त होतो. आता झोप लागत नाही.

पण मी कापसाच्या जिनातला कारकून, एका खोलीत राहतो. तुम्हाला आणायचं तर इथं घर पाहिजे, आणि त्यासाठी मानवतचं घर विकलं पाहिजे. पाथरीचे व्यंकटराव आडते घराच्या शोधात आहेत. शिमगा झाला की येऊन बघतो म्हणतात.

तेव्हा घर नीट करून ठेव. आतून बाहेरून चुना लाव. उंदरांची बिळं बुजव. माळवदावर माती पसर, गळकं घर कोणी घेत नाही. भावजींचा तो जुना तराजू आणि गोण्या ओसरीवरून हलव. पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर मुलीला तयार करतात, तसं घर तयार झालं पाहिजे.

तुझा,
दिनकर

•

मानवत,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८६९

चि. दिनकर यास,
नर्मदेचे आशीर्वाद.

छबूबाईनं बांगड्यांच्या माळांखालून तुझं पत्र काढून दिलं तेव्हा मी शेण कालवत होते. वाचून तशीच बसून राहिले, शेण हातावर वाळून गेलं. घर विकायचं हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. पण मनात येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अक्षरात वाचणं वेगळं.

काम मात्र सुरू केलंय. रांजणात चुना भिजवला, त्यात नीळ टाकली. सुमननं कासोटा मारून कुंचला हातात घेतला तो सोडलाच नाही. भिंतीपेक्षा तिच्याच अंगावर चुना जास्त. चुलीमागची काळी भिंत घासता घासता म्हणाली, "आत्या, इतकं गोरं केल्यावर हे घर आपल्याला वळखंल का?" मी हसले. मग न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

एकच गोष्ट साधत नाही. ओसरीवर हे जिथं टेकून बसायचे, तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, तुला माहीत आहे. दोनदा चुना लावला. वाळला की डाग पुन्हा वर येतो.

चुन्याची गोणी भट्टीवरून आणायला माणूस मिळेना. बोरीच्या किशनरावांचा सूर्यभान कापूस घेऊन आडतीवर आला होता, त्यानं गाडीतून आणून टाकली. रागावू नकोस. त्यांनी मागच्या वर्षी सुमनला मागणी घातली आणि 'शेतात राबायला लेक देणार नाही' असं तू कळवलंस, ते माझ्या लक्षात आहे. तो ओसरी चढला नाही. सुमननं पाण्याचा तांब्या दिला तोही खाली मान घालून. दोघांच्याही मनात आता काही राहिलेलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शेजारच्या जमादारांची जैनबबी भिंतीवरून डोकावून गेली. म्हणाली, "क्या बाई, शिमगे में चूना? दसरा तुमारेच घरकू पहले आया क्या?" मी म्हटलं, ढेकूण झालेत. तिनं मान डोलावली. पण बघत राहिली, दिनकर. आमचा बारा वर्षांचा शेजार. तिच्याशी खोटं बोलल्याचं दिवसभर टोचत राहिलं.

तुझी,
नर्मदा

•

वाशीम,
ता. २२ मार्च १९४८

ती. अक्कास नमस्कार.

डागाचं एवढं काय? तिथं एखादी तसबीर लाव.

जैनबबीला काहीही कळता कामा नये, तिचा नवरा पोलिसातच होता. सूर्यभानाला पुन्हा दारात येऊ देऊ नकोस. पोरगा वाईट आहे असं नाही. पण सुमनला मी नोकरदाराच्याच घरी देणार.

एक महत्त्वाचं. व्यंकटराव आले की घर नांदतं दिसलं पाहिजे. धान्याच्या कणग्या भरलेल्या दिसू देत, दारात रांगोळी असू दे, चुलीवर काहीतरी शिजत असू दे. पळणाऱ्याच्या घराला भाव येत नाही. तुला विकायची घाई आहे, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस.

तुझा,
दिनकर

•

मानवत,
फाल्गुन वद्य चतुर्थी

चि. दिनकर यास आशीर्वाद.

हे पत्र शांतपणे वाच. छबूबाईला दारात बसवून लिहिते आहे.

व्यंकटराव आले. तू सांगितलंस तसं सगळं केलं होतं. दारात रांगोळी, चुलीवर पुरणाची डाळ, डागावर विठोबाची तसबीर. ते चहूकडे फिरले. कणगीवर टिचकी मारली. तसबीर उचलून मागे पाहिलं आणि परत ठेवली. मग माळवदाकडे बघून विचारलं, "गळतं का?"

मी उत्तर द्यायच्या आत सुमन आतून म्हणाली, "पाऊस आला की कळंल!"

ते हसले. मग त्यांनी नखानं भिंत खरवडली आणि नख माझ्यापुढं धरलं. "वला हाय अजून. बाई, चुना लावायचा तो दसऱ्याला. शिमग्यात लावलेलं घर म्या एकाच कारणानं पाह्यलंय. तुमी निघालात."

मी म्हटलं, "तसं काही नाही."

"न्हाई तर न्हाई. म्या थांबतो. आंबा पिकला की आपूनच पडतो खाली. झाड कशाला हलवायचं?"

असं म्हणून चहा न घेता गेले.

आपण काय करून बसलो बघ. तू तिथं बसून लिहिलंस, मी इथं मान डोलावली, आणि अवेळी पांढरं केलेलं घर गल्लीच्या टोकावरून दिसतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सगळ्या काळपट घरांत आमचं एकटंच चमकतंय. आम्ही जाणार आहोत, असं जणू दवंडी पिटून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बंदूकवाले दोघे दारात उभे. व्यंकटरावांनी कळवलं, का त्यांचं त्यांनीच ओळखलं, देव जाणे. एकानं भिंतीवर हात फिरवला. "ये चूना कायकू? किधर जारे?"

सुमन माझ्या पाठीमागे होती. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मला काय सुचलं, कसं सुचलं, ठाऊक नाही. मी म्हटलं, "लग्न आहे. आमच्या पोरीचं."

त्यानं दर्शनी भिंतीवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "शादी का घर, और दीवार खाली?"

खरंच होतं त्याचं. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर हत्तीघोडे काढून घेतात, दाराशेजारी नवरानवरीचं नाव घालतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "चितारी उद्या यायचाय."

आणि दुसऱ्या दिवशी भुजंग चिताऱ्याला बोलवावंच लागलं. ते दोघे समोरच्या पारावर पान खात बसले होते. आता भिंतीवर दोन घोडे आहेत, एकावर नवरदेव, एक हत्ती आहे, तुळशीचं झाड आहे. गल्लीतल्या बाया पाट-लाटणी घेऊन येतात. ओसरीवर शेवया वळल्या जातात, हळद कांडली जाते, सुमनला चिडवणं चालतं. घर तू म्हणालास तसं नांदतं दिसतंय. इतकं नांदतं ते हे गेल्यापासून दिसलं नव्हतं.

नाव काय घातलं, ते सवडीनं लिहीन.

तुझी,
नर्मदा

•

वाशीम,
ता. ५ एप्रिल १९४८

अक्का,

तुझ्या सवडीची वाट बघावी लागली नाही. जिंतूरकडचा एक गाडीवान जिनावर आला होता. त्यानं चार लोकांदेखत मला पेढे मागितले. "बोरीच्या सूर्यभानाला लेक दिलीत म्हनं. मानवतात भितीवर नाव वाचलं."

मी बाप आहे की नाही? तुला वेळ मारून न्यायची होती, हे समजलं. पण नावच घालायचं तर एखादं नसलेलं, लांबच्या गावचं घालता आलं नसतं? ज्याला मी नाकारलं, त्याचंच? आता हे लग्न होणार नाही, आणि मांडवाआधीच मोडलं म्हणून पोरीला कोण पत्करणार? तिच्या नावापुढं हे कायमचं चिकटलं.

पत्र पोचताच नाव पुसून टाक. आजच.

दिनकर

•

मानवत,
चैत्र शुद्ध तृतीया, शके १८७०

चि. दिनकर यास,

तुझा राग मला मान्य आहे. पण नाव पुसलेलं नाही आणि पुसणार नाही. लग्नघराच्या भिंतीवरचं नाव पुसलं तर पारावर बसणाऱ्यांना दुसरं काही सांगायची गरज उरणार नाही. शिवाय ते मी घातलेलं नाही.

मागच्या पत्रात लपवलं ते आज लिहिते. भुजंगनं नवरीचं नाव घातलं, कुंचला रंगात बुडवला आणि विचारलं, "नवरदेवाचं काय घालू, बाई?" सगळी नावं विसरले. पारावरचा एक जण उठून उभा राहिला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सूर्यभान."

भुजंग पोट धरून हसला. "आगं, नवरीनंच नाव घेतलं की! जरा लाज धर." बायाही हसल्या. तो उठलेला माणूस हसत खाली बसला. त्या हसण्यानं आम्ही त्या दिवशी वाचलो.

गल्ली रिकामी झाल्यावर मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "तेच नाव का?"

"तुमी गप झालात. भुजंगकाकाचा कुंचला वाळायला लागला. मनात व्हतं तेच तोंडात आलं."

"मनात कधीपासून आहे?"

"तुमी त्यांना चुना आणायला सांगितलं, त्याच्या लय आदीपासून." मग माझ्या पदराशी चाळा करत म्हणाली, "लगीन झाल्यावर नाव घ्यायची चोरी. म्हणून आत्ताच घेऊन टाकलं."

'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' असं तुला लिहिलं होतं ना? ह्या डोळ्यांनी तिला न्हाऊ घातलं, तिच्या उवा काढल्या, आणि एवढं दिसलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बोरीहून स्वतः किशनराव आले. गाडीतून उतरले आणि भिंतीपुढं उभे राहिले, हात पाठीमागे. त्यांनी मोठ्यानं 'हे खोटं' एवढं म्हटलं असतं तरी आम्ही संपलो होतो.

ते म्हणाले, "घोडा बरा काढलाय. नवरदेवाचं नाक मातर लय सरळ केलं. आमच्या पोराचं यवढं सरळ न्हाई."

मग आत आले, घोंगडीवर बसले. "नर्मदाबाई, पोराचं नाव मुलखात झालं आन बापाला आवतण न्हाई. ही कुठली रीत म्हणायची?"

मी काही लपवलं नाही. चुन्यापासून सगळं सांगितलं. पदर पसरला आणि म्हटलं, आमच्या जिवासाठी तुमचं नाव उसनं घेतलं, माफ करा. ते ऐकून घेऊन दाढी खाजवत राहिले.

"मंजी लगीन खोटं."

"हो."

"आन पोरीच्या मनात?"

मी आत बघितलं. सुमन दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या, एवढंच.

"मग खोटं कशापायी ठिवायचं?" ते म्हणाले. "दिनकररावांनी शेतकरी म्हणून न्हाई म्हणलं आमाला. म्हणू द्या. पर आत्ता बैलं आमच्याचपाशी हायेत का न्हाई? सरहद्दीपल्याड रिसोडला माझी भैण दिलीया. तिच्या दारात मांडव घालू. लग्नाच्या गाड्या वाजतगाजत जात्यात, तेंना कुणी काय करत न्हाई. पर बापाच्या हातच्या अक्षता पायजेत. त्याबिगर म्या नवरी गाडीत घ्यायचा न्हाई."

अक्षय्य तृतीया ठरवावी म्हणतात, त्या दिवशी वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही.

दिनकर, मी तुझी मोठी बहीण, तरी मला तुझ्या लेकीचं लग्न ठरवायचा अधिकार नाही. पण इथं पारावर रोज कोण बसतं ते मी बघते, आणि तू बघत नाहीस. लवकर कळव.

नर्मदा

•

वाशीम,
ता. २० एप्रिल १९४८

ती. अक्कास नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

मागच्या वर्षी किशनरावांना मी जे लिहिलं ते शब्द मला आठवतात. त्या माणसानं माझ्या घराची लाज झाकली, आणि वर माझ्याच अक्षतांसाठी अडून बसला. मी काय बोलणार? रिसोडला दोन दिवस आधीच जाऊन थांबतो. सुमनला सांग, बापाचा राग नाही. तिच्या आईची नथ माझ्याजवळ आहे, ती घेऊन येतो.

घराचं आता मनावर घेऊ नकोस. व्यंकटराव देतील त्या भावात देऊन टाक, नाही तर सोडून दे. पण गाडीत बस. तूही बस. हे मी विनवून सांगतो आहे.

तुझा,
दिनकर

•

मानवत,
वैशाख शुद्ध प्रतिपदा

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र डोक्यावर अक्षता पडल्यावरच तुझ्या हाती द्यायचं, असं छबूबाईला बजावलंय. ती चुडा भरायला म्हणून सुमनच्या गाडीत बसून येते आहे. तू हे वाचतो आहेस म्हणजे गाड्या पोचल्या. मला इथं ते कळायला वेळ लागेल. तुला मात्र आत्ताच कळलंय. त्यासाठी तुझा हेवा वाटतो.

मी आले नाही. रागावशील, पण आधी ऐक.

काल गाड्या भरत असताना ते दोघे आले. रुखवताच्या टोपल्या उचकून पाहिल्या. मग घराकडे वळले. "सब जारे? घर में कौन रहता?"

माझ्या लक्षात आलं, सगळा डाव ह्या एका उत्तरावर आहे. घराला कुलूप लागलं की ते लग्न नव्हे, पळणं झालं. मग नाक्यावर गाड्या सुटणार नाहीत. मी म्हटलं, "मी राहते."

"लडकी की शादी, और तुम नै जाते?" तो हसला, पण बंदूक खांद्यावरून खाली घेतली.

मी म्हटलं, "आमच्यात मुलीच्या आईनं अक्षता पडताना पाहायच्या नसतात. तिनं तुळशीपाशी बसायचं."

त्यानं दुसऱ्याकडं पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं. तेवढ्यात जैनबबी भिंतीपलीकडून आली, हातात शेवयांचं सूप. मला वाटलं, हिच्याशी मी ढेकणांचं खोटं बोलले, आज ही त्याचा हिशेब करणार. ती त्या बंदूकवाल्याला म्हणाली, "सही बोलती उनो. इनमें माँ नै देखती. मैं इत्ते बरस में किसी माँ कू देखते नै देखी. तेरे घर में कोई बुढी नै क्या सिखानेकू? हट, बैलां के सामने से हट."

तो हटला.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "ढेकूण मरे क्या, बाई?" मला एकदम रडू आलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याजवळ ओट्यावर बसली. म्हणाली, जमादार दोन घरांच्या मधलं दार उघडून देतो म्हणालेत, काही वाटलं तर हाक मारायचीही गरज नाही, सरळ आत यायचं.

लोक म्हणतील, मी तिची आई नव्हे, आत्या आहे. पण काल पहिल्यांदा मी सगळ्यांसमोर स्वतःला तिची आई म्हणाले, आणि कोणी मला चूक ठरवलं नाही. सुमननंही नाही. गाडीत बसताना तिनं माझ्या कानात काय म्हटलं, ते मी तुला सांगणार नाही.

आत्ता गाड्या जोडल्या आहेत. किशनराव घाई करताहेत. बैलांच्या शिंगांना त्यांनी स्वतः गोंडे बांधलेत. मला दोनदा विचारून गेले. तिसऱ्यांदा नुसते हात जोडले.

तृतीयेला दुपारी मी तुळशीपाशी असेन. लग्नाची वेळ इथं मला कळणार नाही, म्हणून सकाळपासूनच बसेन. तू मात्र तिकडे रडू नकोस, पोरगी घाबरेल.

व्यंकटराव पुन्हा आले तर सांगेन, घर विकायचं नाही, त्यात माणूस राहतं. तसबीर मी काढून देवघरात ठेवली. डाग आता पूर्ण वर आलाय. त्याच्यावर पुन्हा चुना लावायचा नाही, असं ठरवलं. दसऱ्यालासुद्धा नाही.

जावईबापूंना सांग, चुना चांगला निघाला. भिंत कशी दुधासारखी दिसते. माळवदावरची माती मात्र सुमननं घाईत पसरली, वायव्येच्या कोपऱ्यात पातळ आहे. पाऊस आला की कळेल.

गळलं तर कळवीन.

तुझी अक्का,
नर्मदा